लाइट रेल असलेल्या शहरांनी बसमार्ग बदलले. त्यातले कोल्हापूरला काय लागू पडते?

शाहूपुरीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या भागातील काही नागरिक मिळून शहर वाहतुकीविषयी महापालिकेला द्यावयाचे एक निवेदन तयार करीत आहोत. त्यातील एका कलमावर आमच्यातच दोन तट पडले आहेत, म्हणून ते येथे मांडतो.

एका बाजूचे म्हणणे असे, की कोल्हापूरला मेट्रो परवडणार नाही हे उघड आहे, परंतु मिरजेपर्यंतचा लोहमार्ग १८९१ पासून आपल्या दारात आहे आणि आता त्याचे विद्युतीकरणही झालेले आहे. त्या मार्गावर दोन-तीन डब्यांच्या हलक्या गाड्या दिवसभर सोडल्या, तर परदेशातील शहरांत लाइट रेल (शहरांतर्गत वारंवार धावणारी हलकी रेल्वे) जे काम करते तेच येथे होईल. मग केएमटीने (महापालिकेच्या शहर बससेवेने) गांधीनगर, वळिवडे, उचगाव या पट्ट्यातील बस थेट शहरात न आणता जवळच्या रेल्वे स्थानकाशी थांबवाव्यात आणि वाचलेल्या गाड्या कळंबा, पाचगाव, फुलेवाडी यांसारख्या वाढत्या उपनगरांना द्याव्यात. दुसऱ्या बाजूचे म्हणणे व्यवहारी आहे: कोल्हापूरचा माणूस एकदा गाडीत बसला की मुक्कामीच उतरणार, त्याला मध्येच उतरवून दुसऱ्या गाडीची वाट पाहायला लावली, तर तो उद्यापासून दुचाकी काढील.

अमेरिका आणि कॅनडातील काही शहरांनी लाइट रेल सुरू होताच बसचे जाळे नव्याने आखले, एवढे वाचून ठाऊक आहे. त्यांनी नेमके काय केले, प्रवाशांनी ते स्वीकारले का, आणि आपल्या एकेरी लोहमार्गावर व केएमटीच्या मोजक्या गाड्यांवर त्यातले काय टिकेल, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. हिशेब मांडून सांगितलेत तर तो निवेदनात घालता येईल. ‘आधी रस्त्यांचे खड्डे बुजवा’ हे उत्तर मात्र कृपया देऊ नये. ते कलम निवेदनात आधीच पहिल्या क्रमांकावर आहे.

वेळापत्रकवाला

लाइट रेल आली की बसमार्ग का तोडतात, यामागचे गणित आधी पाहू, कारण होकार आणि नकार दोन्ही त्यातूनच निघतात. समजा, एका उपनगरातून शहराच्या मध्यापर्यंत जाऊन परत येण्यास बसला, शेवटच्या थांब्यावरची विश्रांती धरून, १०० मिनिटे लागतात आणि त्या मार्गावर ५ गाड्या आहेत. म्हणजे दर २० मिनिटांनी एक बस. तीच बस अलीकडच्या रेल्वे स्थानकाशी थांबवली आणि फेरी ४० मिनिटांत पुरी होऊ लागली, तर त्याच ५ गाड्यांत आणि तेवढ्याच चालक-वाहकांत दर ८ मिनिटांनी बस देता येते. पूर्वी प्रवासी थांब्यावर सरासरी १० मिनिटे उभा असे. आता बससाठी ४ आणि दर ६ मिनिटांनी येणाऱ्या रेल्वेसाठी ३, अशी मिळून ७ मिनिटे त्याला थांबावे लागते. गाडी बदलूनही त्याचा वेळ वाचला.

आता याच हिशेबात रेल्वेच्या ६ मिनिटांच्या जागी ६० मिनिटे घालून पाहा. बससाठी ४ आणि रेल्वेसाठी ३०, म्हणजे ३४ मिनिटे झाली. पूर्वीच्या १० मिनिटांच्या तिपटीहून अधिक. लाइट रेलच्या शहरांचा अनुभव कोल्हापुरात जसाच्या तसा आणता येत नाही याचे मूळ एवढ्यातच आहे. बस तोडायची की नाही हे रुळांवरून ठरत नाही, त्या रुळांवरून गाडी किती वेळाने येते यावरून ठरते.

आपला मिरज मार्ग मध्य रेल्वेच्या पुणे विभागाकडे आहे आणि कोल्हापूर ते मिरज तो एकेरीच आहे. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्या स्थानकातच एकमेकींना बाजू देऊ शकतात. एक गाडी रुकडीला उशिरा पोचली की दुसरी हातकणंगल्याला खोळंबते. त्यात लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेस गाड्यांना अग्रक्रम असतो. ज्या शहरांची उदाहरणे आपण वाचली आहेत, तेथे लाइट रेलचा बहुतेक मार्ग दुहेरी आहे आणि मुख्य म्हणजे बस व रेल्वे या दोन्हींचे वेळापत्रक स्थानिक वाहतूक यंत्रणेच्या हाती असते. आपल्याकडे बसचे वेळापत्रक महापालिकेचे आणि रेल्वेचे केंद्राचे. दोघांना एका टेबलाशी बसवणे हेच पहिले काम आहे, आणि ते रूळ टाकण्याइतकेच अवघड जाऊ शकते.

ह्यूस्टन शहराचे उदाहरण मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण त्याचा चुकीचा अर्थ फार लावला जातो. तेथे पहिली लाइट रेल १ जानेवारी २००४ रोजी सुरू झाली, २०१५ च्या मे महिन्यात आणखी दोन मार्ग आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संपूर्ण शहराचे बसमार्ग एका रात्रीत बदलण्यात आले. ‘सर्व बस रेल्वे स्थानकाकडे वळवल्या’ असा त्याचा सारांश सांगितला जातो, पण मुख्य बदल तो नव्हता. पूर्वी बहुतेक मार्ग शहरमध्याकडे धाव घेत असत. नव्या आखणीत बस लांब, सरळ रस्त्यांवरून चौकटीच्या जाळ्यासारख्या धावू लागल्या, आणि हे सरळ मार्ग जेथे लाइट रेलला छेदतात तेथे गाडी बदलण्याची सोय आपोआप झाली. बस आडवाटेने स्थानकाकडे वळवली तर पुढे जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाचा वेळ वाया जातो; सरळ जाणाऱ्या बसने रेल्वेला छेद दिला तर कोणाचेच नुकसान होत नाही. या आखणीपूर्वी तेथील मंडळाने एक धोरणही ठरवून टाकले होते: ८० टक्के साधने जेथे प्रवासी जास्त मिळतील तेथे आणि २० टक्के साधने, प्रवासी थोडे असले तरी सेवा असलीच पाहिजे अशा वस्त्यांना. एका भाड्यात तीन तासांपर्यंत गाडी बदलण्याची मुभा तेथील कार्डावर होती. ती नसती, तर हे जाळे कागदावरच राहिले असते.

सिएटल शहरातून दुसरी गोष्ट शिकण्यासारखी आहे. तेथे मार्च २०१६ मध्ये लाइट रेल विद्यापीठाच्या स्टेडियमजवळील स्थानकापर्यंत पोचली आणि आठवडाभरात त्या भागातून शहरमध्यात थेट जाणाऱ्या ७१, ७२, ७३ क्रमांकांच्या प्रसिद्ध बस तशा उरल्या नाहीत. रेल्वे वेगवान होती, वारंवार होती, तरीही कुरकुर झाली, कारण बसमधून उतरून रस्ता ओलांडून, स्थानकात शिरून, खोल भुयारातील फलाटावर पोचेपर्यंत बराच वेळ जात असे. ऑक्टोबर २०२१ मध्ये रेल्वे आणखी उत्तरेला नॉर्थगेटपर्यंत गेली तेव्हा महामार्गावरून शहरात जाणारी ४१ क्रमांकाची बसही बंद झाली; तेथे मात्र बसतळ आणि रेल्वे स्थानक एकमेकांना लागून आहेत. नकाशावर दोन्ही ठिकाणी बस आणि रेल्वे ‘जोडलेली’ दिसतात. प्रवाशाच्या पायांना त्यातला फरक कळतो.

तिसरे उदाहरण ओटावाचे, आणि निवेदनात ते जरूर घालावे. सप्टेंबर २०१९ मध्ये तेथील लाइट रेल सुरू झाली. समांतर बस फक्त तीन आठवडे चालू ठेवून ऑक्टोबरमध्ये बंद केल्या गेल्या आणि सारे प्रवासी रेल्वेवर आले. त्यानंतर डब्यांच्या दारांत बिघाड होऊ लागले, एक दार अडकले की संपूर्ण मार्ग तुंबू लागला, फलाटांवर माणसे मावेनात, आणि शहराला पुन्हा बस रस्त्यावर आणाव्या लागल्या. पुढे या प्रकल्पाची सार्वजनिक चौकशी झाली व तिचा अहवाल नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. जुनी बस बंद करण्याची घाई करू नये, हे त्या शहराने महाग किंमत देऊन शिकले. आपल्याकडे पावसाळ्यात परीख पुलाखाली पाणी साचले की शाहूपुरी आणि राजारामपुरी एकमेकींपासून तुटतात, आणि पंचगंगेला पूर आला की अख्खे शहर अडकते. एकाच मार्गावर सगळा भार टाकणे येथे अधिकच धोक्याचे आहे.

निवृत्त टाइमकीपर

वेळापत्रकवाले साहेबांनी गणित बरोबर मांडले आहे. शहर बसच्या नोकरीत वर्षानुवर्षे कंट्रोल पॉइंटवर उभे राहून ज्या गोष्टी दिसतात, त्या त्यात घालतो.

पहिली गोष्ट बस वळवण्याच्या जागेची. एखादी फेरी स्थानकाशी संपवायची म्हटले तर तेथे बस वळली पाहिजे, निदान दोन गाड्या एकामागे एक उभ्या राहिल्या पाहिजेत, चालक-वाहकाला पाणी प्यायला आणि लघवीला जाण्याची सोय पाहिजे. वळिवडे किंवा गूळ मार्केट या स्थानकांपाशी प्रवासी उतरवायला रस्ता पुरेल. बस फिरवून उभी करायला जागा शोधावी लागेल. जागा नसली की चालक पुढच्या चौकापर्यंत रिकामी गाडी नेऊन वळवून आणतो. त्या डेड किलोमीटरमध्ये डिझेलही जाते आणि शेड्यूलही कोलमडते. कागदावर ४० मिनिटांची दिसणारी फेरी प्रत्यक्षात ५० मिनिटांची होते आणि पाच गाड्यांतून ८ मिनिटांऐवजी १० मिनिटांनी बस सुटते.

दुसरी गोष्ट भाड्याची. टप्प्यावर भाडे असते, आणि पहिला टप्पा नेहमी महाग पडतो. मार्ग मध्ये तोडला की प्रवाशाला पहिल्या टप्प्याचे पैसे दोनदा भरावे लागतात. गांधीनगरहून कापडाचे गाठोडे घेऊन निघालेला छोटा व्यापारी असे दोन भाडे भरणार नाही. तो वडापमध्ये, म्हणजे माणशी भाडे घेणाऱ्या खासगी जीपमध्ये बसेल. वडापवाला त्याला दसरा चौकात सोडतो, गाठोडे टपावर टाकू देतो आणि सुटे पैसे नसले तर उद्या द्या म्हणतो. बससेवेची खरी स्पर्धा रेल्वेशी नाही, वडापशी आहे, हे निवेदन लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट अशी, की कोल्हापूरच्या कामगारांची वाहतूक रुळांच्या दिशेने होतच नाही. लोहमार्ग शहरातून पूर्वेला जातो. शिरोलीची एमआयडीसी उत्तरेला पंचगंगेपलीकडे आहे, गोकुळ शिरगावची दक्षिणेला आहे, कागलची त्याहून पुढे. विद्यापीठ, सायबर चौक, आर. के. नगर, पाचगाव, कळंबा यांतले काहीही रेल्वे स्थानकाच्या चालण्याच्या अंतरात नाही. पाळीच्या वेळेला महामार्गाच्या कडेला उभे राहणाऱ्यांना रेल्वेने काय मिळणार? वळिवडे आणि रुकडीच्या बसमार्गांची मोडतोड करून या माणसांची सेवा सुधारेल असे वाटत असेल, तर वाचलेल्या गाड्या नेमक्या किती आणि कोणत्या मार्गावर देणार, ते आधी लिहून घ्यावे. ‘वाचलेल्या गाड्या’ बहुतेक वेळा वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला जातात, हाही अनुभव आहे.

मग रेल्वेशी जोड देऊच नये का? द्यावी, पण एका ठिकाणी आणि पक्की द्यावी. तावडे हॉटेल, ताराराणी चौक, स्टेशन रोड, मध्यवर्ती बसस्थानक, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, शिवाजी चौक, गंगावेश, रंकाळा, फुलेवाडी असा हा शहराचा कणा आहे. रेल्वे स्थानक आणि एसटीचे मध्यवर्ती बसस्थानक दोन्ही या कण्यावर, एकमेकांपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर आहेत. या एका रस्त्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत इतक्या बस लावाव्यात, की वेळापत्रक पाहण्याची गरजच पडू नये. रेल्वे केव्हाही येवो, उशिरा येवो, बाहेर पडणाऱ्याला बस मिळेल. आम्ही टाइमकीपर लोक वेळापत्रकावर जगलो, पण ज्या मार्गावर दर पाच मिनिटांनी गाडी असते तेथे प्रवासी आम्हाला काही विचारायलाच येत नसे.

रुकडीहून रोज

मी रुकडीहून राजारामपुरीत नोकरीला येते, म्हणून या प्रश्नाची दुसरी बाजू सांगते. वरील दोन्ही उत्तरांत रेल्वेने येणारी माणसे थोडी विसरली गेली आहेत.

सकाळची गाडी कोल्हापूरला लागली की एकदम शेकडो माणसे स्टेशन रोडवर बाहेर पडतात. समोर रिक्षावाले ‘महाद्वार, महाद्वार’ असा पुकारा करीत उभे असतात. बसचा थांबा रस्त्याच्या पलीकडे, उभ्या केलेल्या दुचाकींच्या रांगेमागे. रहदारी ओलांडून तेथे पोचेपर्यंत, गाडी आली म्हणून थांबलेली एखादी बस निघून गेलेली असते आणि तिच्या मागच्या पाटीवरचा मार्ग वाचत आम्ही उभ्या राहतो. पुढची बस भरलेली येते. मग चौघीजणी मिळून रिक्षा करतात. हे सगळे दहा मिनिटांत घडते आणि दिवसभर पुन्हा तसे घडत नाही, कारण दुसऱ्या गाडीला एवढी माणसे नसतात.

संध्याकाळी उलटे होते. सकाळी बस चुकली तर कामावर दहा मिनिटे उशीर होतो. संध्याकाळी बस उशिरा आली आणि पॅसेंजर चुकली, तर पुढच्या गाडीपर्यंत खूप वेळ फलाटावर बसावे लागते, किंवा एसटी स्टँड गाठावे लागते. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे, म्हणून अनेक जणी आता रेल्वेचा मासिक पास न काढता एसटीनेच येतात. पास स्वस्त पडतो हे खरे, पण रेल्वे चुकण्याची धास्ती नको असे त्यांचे म्हणणे.

म्हणून माझी विनंती अशी, की सकाळी स्थानकावरून सुटणाऱ्या बसने रेल्वेची वाट पाहावी आणि संध्याकाळी स्थानकाकडे येणारी बस रेल्वेच्या वेळेआधी दहा-पंधरा मिनिटे पोचेल अशी सोडावी. दोन्ही वेळांना एकच नियम लावला तर एका वेळेला तो निश्चित चुकतो. रुकडीतल्या बसमार्गांचे काय करायचे ते करा, पण गाव ते रुकडी स्टेशन ही बस रेल्वेच्या गाड्यांच्या वेळा पाहून सोडली तरच तिचा उपयोग आहे. मधल्या वेळात ती रिकामी धावेल.

निवृत्त टाइमकीपर

ताई, आपण म्हणता ते सकाळ-संध्याकाळचे अंतर शंभर टक्के खरे आहे. फक्त एक अडचण सांगतो. जी बस स्थानकावरूनच सुरू होते तिला रेल्वेसाठी थांबवता येते. जी बस तावडे हॉटेलकडून प्रवासी भरून आली आहे आणि पुढे फुलेवाडीला जायची आहे, तिला स्थानकासमोर दहा मिनिटे उभी केली तर आतले प्रवासी वाहकाच्या अंगावर येतील, आणि ते रास्तच आहे. म्हणून सकाळच्या दोन-तीन मोठ्या गाड्यांसाठी स्थानकावरून सुटणाऱ्या वेगळ्या फेऱ्या ठेवाव्यात, एक राजारामपुरीमार्गे विद्यापीठाकडे आणि एक महाद्वारकडे. त्या रेल्वे आल्याशिवाय सुटू नयेत. कण्यावरच्या बस कोणासाठी थांबू नयेत. रेल्वे किती मिनिटे उशिरा आहे हे कंट्रोलवर आधी कळले पाहिजे. आता मोबाइलवर गाडीचे ठिकाण दिसते, तेव्हा हे अवघड राहिलेले नाही.

बावडेकर

चर्चा चांगली चालली आहे, पण या फेरबदलात थेट बस कोणाची जाणार, तेही लिहावे. सीपीआर रुग्णालयात येणारे बाहेरगावचे रुग्ण दसरा चौकात उतरतात. गाडी बदलणे तरुण नोकरदाराला जेवढे सोपे वाटते तेवढे ते सलाईन लावून घरी निघालेल्या म्हातारीला नाही. ह्यूस्टनच्या ८० आणि २० टक्क्यांतली ती २० टक्के अशांसाठी असतील, तर आपल्या २० टक्क्यांत कोण बसते ते ठरवून जाहीर करावे, नाहीतर ती २० टक्के ओळखीपाळखीतच संपतील. हद्दवाढीचा विषय निघाला की ‘विरोध करणाऱ्या गावांची केएमटी बंद करा’ अशी मागणी होते. रेल्वेजोडणीच्या नावाखाली तेच मागच्या दाराने होऊ नये.

वेळापत्रकवाला

बावडेकरांचा मुद्दा निवेदनात शब्दशः घ्यावा. टाइमकीपर काकांनी काढलेल्या वडापच्या विषयाला एक जुने उदाहरण जोडतो, कारण या बाबतीत इंग्लंडमधील न्यूकॅसलचा अनुभव फार बोलका आहे.

तेथील टाइन अँड वेअर मेट्रो ही नावाने मेट्रो असली तरी जातीने लाइट रेल आहे. ती १९८० मध्ये सुरू झाली, तेव्हा बस आणि रेल्वे यांचे नियोजन एकाच संस्थेच्या हाती होते. नदीच्या दक्षिणेकडून येणाऱ्या अनेक बस गेट्सहेड येथे थांबवल्या गेल्या, तेथे खास बदलस्थानक बांधले, एकाच तिकिटावर पुढचा प्रवास करता येत असे, आणि न्यूकॅसलच्या पुलावरची बसची गर्दी कमी झाली. लोकांनी गाडी बदलणे स्वीकारले. पण ऑक्टोबर १९८६ मध्ये नव्या कायद्याने बससेवा खुली झाली. खासगी कंपन्यांनी ज्या मार्गावर गर्दी त्याच मार्गावर थेट शहरात बस सुरू केल्या, समान तिकिटाची घडी विस्कटली आणि बस पुन्हा रेल्वेला समांतर धावू लागल्या. बदलस्थानकाची इमारत तीच होती, रेल्वेही तीच होती. जोडणी मोडली ती रस्त्यावर थेट जाणारे दुसरे वाहन मिळू लागल्यामुळे आणि दुसऱ्या भाड्यामुळे. आपल्याकडे ते दुसरे वाहन आधीपासूनच आहे. म्हणून केएमटीने एखादा मार्ग तोडला तर वडाप तो मार्ग त्याच दिवशी जोडून देईल आणि केएमटीचे उत्पन्न मात्र निम्म्यावर येईल. वडापवर बंदी हा त्यावरचा उपाय नाही. दर पाच मिनिटांची बस आणि बदलीला दुसरे भाडे नाही, एवढेच वडापपुढे टिकू शकते.

शाहूपुरीकरांच्या पहिल्या तटाला एक आकडा द्यावासा वाटतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ‘मेट्रोलाइट’ या नावाने लाइट रेलची मानके ठरवली, ती गर्दीच्या तासाला एका दिशेने १५,००० पर्यंत प्रवासी गृहीत धरून. दर ३ मिनिटांनी ६० प्रवाशांची बस सोडली तर एका दिशेने तासाला १,२०० प्रवासी नेता येतात. आपल्या कण्यावर आज तेवढ्या बसही सातत्याने धावत नाहीत. २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेपाच लाख लोकसंख्या असलेल्या शहराला १,२०० ते १५,००० या दरम्यान कोठे उभे राहायचे आहे, हे आधी बसनेच मोजून घ्यावे. केंद्राच्या ई-बस योजनेतून मिळणाऱ्या गाड्या सर्व मार्गांवर एक-एक अशा वाटून टाकण्यापेक्षा याच कण्यावर एकवटाव्यात, असे माझे मत आहे. वाटून टाकल्या तर कोणालाच फरक जाणवणार नाही. रेल्वेच्या हद्दीतील जागा, फलाटाजवळचा बसथांबा आणि स्टेशन रोडवरील दुचाकींची रांग हे तीन विषय महापालिका व रेल्वे यांच्या संयुक्त बैठकीत मागावेत. त्यांना फार पैसा लागत नाही.

हातकणंगले मात्र वेगळे प्रकरण आहे. इचलकरंजीला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही आणि सर्वांत जवळचे स्थानक हातकणंगले आहे. तेथे एसटीची एक बस प्रत्येक महत्त्वाच्या गाडीला लावून दिली तर थोड्या खर्चात सर्वाधिक लाभ होईल. तो विषय केएमटीच्या निवेदनात न घालता वेगळा मांडावा.

शाहूपुरीकर

सर्वांचे आभार. वळिवडे आणि उचगावचे मार्ग तोडण्याचे कलम आम्ही काढून टाकत आहोत. त्याऐवजी तावडे हॉटेल ते फुलेवाडी या कण्यावर सलग सेवा, स्थानकावरून सुटणाऱ्या व रेल्वेसाठी थांबणाऱ्या सकाळच्या फेऱ्या, आणि बदलीसाठी दुसरे भाडे नसणारे एक तिकीट, एवढेच मागणार आहोत. सीपीआरच्या थेट बस कायम ठेवण्याचे कलम स्वतंत्र घेतले आहे. प्रवासी रेल्वेतून उतरून कोणत्या दिशेला जातात याची मोजणी स्थानकाबाहेर उभे राहून आम्हीच करावी असे ठरले आहे, म्हणजे निवेदनाला आधार मिळेल. ती कशी करावी, टाइमकीपर काका?

निवृत्त टाइमकीपर

सोमवार घेऊ नका; अनेक कारखाने आणि दुकाने बंद असतात, आकडा फसवा येईल. नवरात्र आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेचे दिवसही टाळा. मंगळवार ते शुक्रवारमधला साधा दिवस घ्या आणि एकच दिवस मोजून थांबू नका. दारात उभे राहून डोकी मोजण्यापेक्षा तिघांनी जागा वाटून घ्याव्यात: एक बसथांब्यावर, एक रिक्षांजवळ, एक राजारामपुरीकडे पायी जाणाऱ्यांच्या वाटेवर. गाडी आल्याची वेळ घड्याळात पाहून लिहा, वेळापत्रकातली लिहू नका. आणि थांब्यावर उभी राहिलेली किती माणसे शेवटी बसमध्ये चढली आणि किती कंटाळून निघून गेली, ते दोन वेगळ्या रकान्यांत टिपा. निवेदनाला त्यातला दुसरा रकाना जास्त लागेल.